मोठ्या गॅस भट्टीचा जाळ स्वच्छ कसा ठेवायचा: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मोठ्या भट्टीला वर्षभर काम असतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावरचे खाण्याचे ठेले, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर मुक्कामाला थांबलेल्या दिंड्या, मग लग्नसराई, भंडारे, आणि रोजच्या मेस व भाकरी केंद्रं तर आहेतच. भट्टी विकताना दुकानदार ती पेटवून दाखवतो, पण हवा कशी लावायची हे सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे पातेली काळी पडतात, गॅस वाया जातो आणि भट्टीपुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे डोळे आणि छाती जळते. हे सगळं टाळता येतं, आणि बहुतेक वेळा त्याला एका स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही.

जाळ चांगला आहे हे ओळखायचं कसं?

चांगल्या जाळाला दोन भाग दिसतात. आतला शंकू छोटा, गडद निळा आणि टोकदार; त्याभोवती फिकट निळा, जवळजवळ दिसत नाही असा पदर. जाळ बर्नरच्या भोकांना चिकटून असतो आणि एकसारखा मंद घोंघावतो. टोकं पिवळी, लांब आणि डुलणारी दिसली तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही असं समजावं. पिवळा रंग येतो तो न जळलेल्या कार्बनच्या तापलेल्या कणांमुळे. तेच कण पातेल्याच्या बुडाला बसले की आपण त्यांना काजळी म्हणतो. काजळी दिसते म्हणून तिची काळजी घेतली जाते, पण तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून पिवळ्या जाळाकडे पातेलं घासण्याचा त्रास एवढ्याच नजरेने पाहू नये.

हवा नेमकी कुठून जाते आणि ती लावायची कशी?

नळीतून आलेला गॅस जेटच्या बारीक भोकातून वेगाने बाहेर पडतो. काही जण जेटला निप्पलही म्हणतात. त्या वेगाने गॅस आजूबाजूची हवा आपल्याबरोबर खेचून घेतो, दोन्ही बर्नरच्या नळीत मिसळतात आणि वर येऊन जळतात. जेटपाशी एक गोल फिरणारी चकती असते. तीच हवेची चकती. बऱ्याच भट्ट्यांवर ती गंजून एका जागी बसलेली असते, कारण ती फिरवायची असते हेच माहीत नसतं.

काम संध्याकाळी किंवा सावलीत करा. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात निळा जाळ दिसतच नाही. आधी पातेलं न ठेवता भट्टी पेटवा आणि रोज ज्या दाबावर काम करता तेवढाच दाब ठेवा. मंद जाळावर लावलेली हवा मोठ्या जाळाला बरोबर बसेलच असं नाही. आता चकतीचा स्क्रू सैल करून ती हळूहळू बंद करत न्या. टोकं पिवळी होतील. मग तितक्याच सावकाश उघडत या. पिवळेपणा गेला आणि आतला शंकू टोकदार झाला की किंचित पुढे जाऊन थांबा. आणखी उघडलीत तर आवाज वाढेल आणि जाळ भोकांपासून सुटायला लागेल. तसं झालं तर थोडं मागे या. स्क्रू घट्ट करा.

हे झाल्यावर पाणी भरलेलं पातेलं ठेवून पुन्हा पाहा, आणि दहा मिनिटांनी बर्नर पूर्ण तापल्यावर आणखी एकदा. तापलेल्या बर्नरमध्ये हवा आणि गॅसचं मिश्रण विरळ होतं, त्यामुळे थंड असताना बरोबर वाटलेली जागा थोडी बदलू शकते. ही शेवटची नजर टाकायला लोक विसरतात, आणि मग अर्ध्या तासाने जाळ पिवळा का झाला म्हणून विचारत येतात.

चकती पूर्ण उघडली, तरी जाळ पिवळाच आहे. आता?

तर हवेचा रस्ता अडलेला आहे किंवा गॅस जास्त येतो आहे. आधी रस्ता पाहा. यंत्रमागांच्या भागात हवेत सुताचे बारीक तंतू असतात. तेलकट वाफेला ते चिकटतात आणि चकतीच्या फटी बुजवून टाकतात. भट्टी काही महिने पडून असेल तर नळीत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडतं. सिलिंडर बंद करून बर्नर काढा, नळीतून लांब ब्रश फिरवा, वरची भोकं तारेच्या ब्रशने साफ करा. धुतला असेल तर पूर्ण कोरडा करूनच बसवा.

मग जेट तपासा. भोक तुंबलं म्हणून ते पिनेने किंवा ड्रिलने मोकळं करण्याची सवय फार वाईट आहे. जेट पितळेचा, म्हणजे मऊ असतो. भोकाचा व्यास फक्त 10 टक्क्यांनी वाढला तरी गॅस 21 टक्क्यांनी जास्त येतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. एवढ्या गॅसला पुरेल इतकी हवा त्या नळीत खेचली जात नाही, आणि मग चकती कितीही फिरवा, उपयोग नाही. जेट फुंकून किंवा रॉकेलमध्ये भिजवून साफ होत नसेल तर नवा घ्यावा. तो भट्टीच्या मानाने स्वस्त असतो.

जाळात मधूनमधून नारिंगी ठिणग्या दिसतात. तीही हवा कमी पडल्याची खूण आहे का?

नाही. धूळ, पीठ किंवा मीठ जाळात गेलं की नारिंगी चमक दिसते. मिठातल्या सोडियमचा तो रंग आहे. आमटी उतू गेल्यावर किंवा शेजारी भाकरीचं पीठ मळताना हे हमखास होतं. पातेल्याला काजळी धरत नसेल तर हवेला हात लावू नका. मात्र उतू गेलेलं बर्नरच्या भोकांत सुकून बसू देऊ नका.

जाळ बर्नर सोडून वर उचलला जातो आणि फार आवाज करतो.

हवा जास्त आहे किंवा दाब जास्त आहे. आधी रेग्युलेटर थोडा कमी करून पाहा, तेवढ्याने बसला तर दाबाचाच प्रश्न होता. नाही बसला तर चकती थोडी बंद करा. उचललेला जाळ वाऱ्याच्या झुळुकीने विझू शकतो आणि गॅस मात्र येतच राहतो, त्यामुळे असा जाळ लागलेली भट्टी सोडून कुणी हलू नये.

कधीकधी फट्‌ असा आवाज येतो आणि जाळ आत, जेटपाशी जळायला लागतो. हे धोक्याचं आहे का?

हो, ताबडतोब गॅस बंद करा. मिश्रण बाहेर पडण्याचा वेग कमी झाला की जाळ उलटा नळीत शिरतो. दाब एकदम कमी केला आणि हवा पूर्ण उघडी असली की हे होतं. बर्नर फार तापला किंवा भोकं झिजून मोठी झाली तरी होतं. जेटपाशी जळत राहिलं तर बर्नर लाल होतो आणि रबरी नळीपर्यंत आच जाते. भट्टी गार होऊ द्या, चकती थोडी बंद करा, मग पेटवा. मंद आचेवर तासभर खीर आटवायची असेल तर मोठी भट्टी जबरदस्तीने बारीक करण्यापेक्षा छोटा बर्नर घेतलेला बरा. वारंवार असं होत असेल तर बर्नर बदलायला झाला आहे.

दाब वाढवला की पाणी लवकर उकळतं ना? मग पूर्ण का उघडू नये?

हा प्रश्न प्रत्येक आचारी विचारतो, म्हणून थोडं हिशेबाने सांगतो.

दाब दुप्पट केला तर गॅस दुप्पट येत नाही, सुमारे 1.4 पट येतो. पण तेवढा वाढलेला जाळ पातेल्याच्या बुडाबाहेर पसरून कडेने वर जायला लागला की ती उष्णता पातेल्याऐवजी खोलीत जाते. जाळ बुडाच्या कडेच्या आतच राहिला पाहिजे, हा एकच नियम धरला तरी सिलिंडर जास्त दिवस जाईल.

एक किलो गॅसमध्ये साधारण 11,000 किलोकॅलरी उष्णता असते. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला 7,500 किलोकॅलरी लागतात. उघड्या भट्टीवर निम्म्याहून जास्त उष्णता बाहेर जाते असं धरलं तरी पावणेदोन किलोच्या आसपास गॅसमध्ये काम व्हायला हवं. आता उकळी आल्यावर काय होतं ते पाहा. एक लिटर पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी जातात. जाळ तसाच मोठा ठेवून 10 लिटर पाणी उडवून टाकलं, तर त्यातच एक किलोहून जास्त गॅस संपतो. उकळतं पाणी कितीही खदखदलं तरी त्याचं तापमान वाढत नाही, डाळही लवकर शिजत नाही. उकळी येईपर्यंत मोठा जाळ, आली की झाकण आणि बारीक जाळ. माझ्या मते गॅस वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

पातेलं नसताना जाळ निळा असतो, पातेलं ठेवलं की काजळी धरते. असं का?

पातेलं जाळाच्या फार जवळ आहे. आतल्या निळ्या शंकूत गॅस अजून अर्धवट जळालेला असतो. तिथे थंड धातू आडवा आला की जळण्याची क्रिया मध्येच थांबते आणि काजळी व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. शंकूचं टोक बुडाला टेकता कामा नये. बाहेरचा फिकट पदर टेकावा. भट्टीच्या पायांवर किंवा कड्यावर लोखंडी तुकडे लावून पातेलं थोडं उचलून पाहा. पातेलं हलणार नाही अशी बैठक मात्र हवी. उकळत्या आमटीचं 50 लिटरचं पातेलं कलंडणं काजळीपेक्षा फार वाईट.

दुसरं कारण असं की बूड इतकं मोठं असतं की ते भट्टीचं तोंड पूर्ण झाकतं. जळालेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून? कडेने चारी बाजूंनी बोटभर तरी फट असावी.

भाकरी थेट जाळावर शेकतो. त्यासाठी काही वेगळं करावं लागतं का?

इथे स्वच्छ जाळाचं महत्त्व सगळ्यात जास्त आहे, कारण मध्ये पातेल्याचं बूड नाही. पिवळ्या जाळावरची काजळी सरळ भाकरीवर बसते, आणि मंगळवेढ्याच्या पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरीवर ती लगेच दिसते. चव कडवट होते ती वेगळीच. जाळ छोटा आणि पूर्ण निळा ठेवा, भाकरी शंकूच्या टोकाच्या वर धरा आणि फिरवत राहा. पिठाची भुकटी बर्नरच्या भोकांत पडतच राहते, तेव्हा रोज काम संपल्यावर बर्नर गार झाला की कोरड्या ब्रशने झाडून घ्या. ज्या बाया पहाटेपासून दुपारपर्यंत शेकडो भाकरी शेकतात, त्यांच्या श्वासात जाणारी हवा या दोन मिनिटांवर अवलंबून असते.

सिलिंडरवर बर्फ धरतो आणि जाळ बारीक होतो. गॅस संपला का?

बहुधा नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वाफ होताना तो सिलिंडरकडूनच उष्णता घेतो. भट्टीने फार वेगाने गॅस ओढला की द्रव गार होतो, दाब पडतो आणि बाहेर दव, मग बर्फ जमतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हे लवकर होतं. उपाय एकच: दोन सिलिंडर एकत्र जोडून ओढ वाटून द्यायची. ही जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

सिलिंडर आडवा करणं, उलटा करणं, गरम पाण्याच्या टबात ठेवणं किंवा त्याखाली निखारे सारणं, हे सगळं इथे लग्नांच्या मांडवांत घडतं आणि यातलं काहीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. द्रवाची वाफ झाली की ती सुमारे 250 पट जागा व्यापते आणि जाळ माणसाच्या अंगावर येतो.

सिलिंडर संपत आला की जाळ पिवळट होतो, तो का?

आपल्याकडचा एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण आहे. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास. त्यामुळे वाफेत सुरुवातीला प्रोपेनचा वाटा जास्त असतो आणि शेवटी ब्युटेनचा. प्रोपेनला त्याच्या सुमारे 24 पट हवा लागते, ब्युटेनला सुमारे 31 पट. तीच चकती, तोच जेट, पण हवा कमी पडायला लागते. चकती थोडी उघडा. नवा सिलिंडर लावला की परत पहिल्या जागी आणा. त्या जागेवर खडूने किंवा खिळ्याने खूण करून ठेवली तर सोपं जातं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते का?

पारा 40 च्या वर गेला की सिलिंडरमधला दाब वाढतो, पण रेग्युलेटर चांगला असेल तर तो वाढ बर्नरपर्यंत येऊ देत नाही. दुपारी जाळ आपोआप मोठा होत असेल तर रेग्युलेटरचा आतला पडदा खराब झाला आहे, तो दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या. सिलिंडर पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाकडेला नको, हवा खेळेल अशा सावलीत उभा ठेवा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीसाठी जेट बदलावा लागत नाही.

शेतात हुरडा पार्टीला भट्टी नेतो, वाऱ्याने जाळ हलतो.

हुरडा गोवऱ्यांच्या आगटीतच भाजावा, त्याबद्दल दुमत नाही. पिठलं, भाकरी आणि चहासाठी भट्टी नेलीत तर वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करा. चारी बाजूंनी नको. आडोसा आणि सिलिंडर यांच्यात अंतर ठेवा, कारण परावर्तित उष्णतेने सिलिंडर तापतो. हवेची चकती आडोशात लावा. वाऱ्यात जाळाकडे पाहून लावलेली हवा कधीच बरोबर येत नाही.

बंद खोलीत भट्टी चालेल का? जाळ निळा आहे.

नाही. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. 10 बाय 10 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत एकूण 28 घनमीटर हवा असते. म्हणजे दोन किलो गॅस जवळपास सगळ्या खोलीची हवा मागतो, आणि प्राणवायू थोडा कमी झाला तरी निळा जाळ बिघडायला लागतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, एकाच वेळी दोघा-तिघांना होणं, ही लक्षणं दिसली की उन्हाळा लागला म्हणून सोडू नका. भट्टी बंद करा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टर गाठा.

वरती धूर जायला जागा आणि खाली हवा यायला जागा, दोन्ही हव्यात. खालची जागा आणखी एका कारणासाठी: एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर जमिनीलगत साचतो. तळघरात भट्टी अजिबात नको.

परदेशातले लोक अशाच प्रोपेन भट्टीवर घरी बिअर करताना दिसतात. आपल्याकडे चालेल?

भट्टीचं तत्त्व तेच आहे. ते साधारण 20 लिटर माल्टचं पाणी तासभर उघडं उकळतात, आणि वर सांगितलेली हवा लावण्याची रीत त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते. तिथे सिलिंडरमध्ये बहुतेक प्रोपेनच असतो, म्हणून त्यांच्या जेटची मापं इथे उतरवून घेऊ नयेत. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे.

थंड पातेलं ठेवलं की बाहेरून पाणी गळतं. पातेलं फुटकं आहे का?

नाही. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते, ती थंड बुडावर जमते. पातेलं तापलं की थांबतं.

घरचा सिलिंडर आणि घरचा रेग्युलेटर लावून भट्टी चालवता येईल का?

व्यवसायासाठी घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर वापरायला बंदी आहे, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा. शिवाय घरचा रेग्युलेटर फारच कमी दाब देतो. हाय प्रेशर भट्टीचा जेट त्यावर हवा खेचू शकत नाही, जाळ पिवळा आणि मरगळलेला लागतो. उलट घरच्या शेगडीला हाय प्रेशर रेग्युलेटर लावणं तर जिवावर बेतणारं आहे.

नळी आणि गळती किती वेळा तपासायची?

सिलिंडर बदलाल तेव्हा प्रत्येक वेळी. साबणाचा फेस जोडांवर लावा. बुडबुडे वाढले तर गळती. काडी पेटवून कधीच पाहू नका. नळी आयएसआय खुणेची, हाय प्रेशरसाठी बनवलेली घ्या, तिच्यावर छापलेली मुदत पाहा, आणि तडा दिसला तर मुदतीआधीच बदला. नळी भट्टीखालून जाता कामा नये. गॅसचा वास आला तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या कोणत्याही बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन 1906 या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन. आग लागली असेल तर 101 किंवा 112.